बाळंतिणीची खोली

आमच्या बाळकुमच्या फ्लॅटला लागून विजेचं सबस्टेशन आहे. मधे फक्त सोसायटीची भिंत. घर घेताना एजंट म्हणाला होता, "काकू, इथे लाइट कधी जाणार नाही." मला तेव्हा ते कौतुकाचं वाटलं. यांनी वागळे इस्टेटमधल्या नोकरीचा सगळा फंड त्या तळमजल्यावर घातला, कारण गुडघे जिने चढू देत नव्हते. भिंतीपलीकडून सतत घूंऽऽ असा आवाज येतो, जुना फ्रीज चालू असल्यासारखा. येणाऱ्याजाणाऱ्यांना तो लगेच ऐकू येतो. आम्हाला कोणी विचारलं की ऐकू येतो.

लेकीला दिवस गेले आणि तो मला अष्टौप्रहर ऐकू यायला लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं काही नसतं. मी अळीव आणून ठेवले होते, डिंक निवडून ठेवला होता. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला डोंबिवलीला गेले, तेव्हा विहीणबाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

"राग मानू नका, पण बाळंतपण इथेच करू या का? तुमच्या शेजारी ते सबस्टेशन. लोक काय काय सांगतात."

राग मानू नका म्हटलं की मला हमखास राग येतो. "आम्ही दोघं तिथेच राहतो की. चांगले धडधाकट आहोत," मी म्हणाले.

रिक्षात राग उतरला आणि भीती चढली. लेकीच्या डॉक्टरीणबाईंना मुद्दाम भेटून विचारलं. त्या म्हणाल्या, "विजेच्या तारांभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे आजार होतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. अभ्यास चालू आहेत. तुम्ही काळजी करू नका." करू नका म्हटल्याने काळजी जाते थोडीच! सिद्ध झालं नाही म्हणजे काही होत नाही, की अजून कळलं नाही? फोनवर वाचावं तर एक म्हणतो निवांत राहा, दुसरा म्हणतो घर सोडा. सोडून जायचं कुठे? विकायला काढलं, तर बघायला येणारा आधी खिडकीतून डोकावतो आणि चहाही न घेता जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेवटी मीच तोड काढली. भिंतीकडची बेडरूम आमची आणि गल्लीकडची खोली बाळंतिणीची. लोखंडी कपाट ओढलं. यांचा टीव्ही हलवला, त्यावर हे आठवडाभर कुरकुरले. खिडकीखाली खाट लावली, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली. मग विहीणबाईंना जरा ठसक्यातच फोन केला, "तिची खोली सबस्टेशनपासून सगळ्यात लांब आहे." त्या म्हणाल्या, "बरं, तुम्ही म्हणता तर पाठवते." जिंकल्यासारखं वाटलं मला.

लेक यायची होती त्याच आठवड्यात लाइट गेली. सकाळी माणसं आली आणि त्यांनी गल्ली खणली, बरोबर बाळंतिणीच्या खिडकीखाली. मी वाकून पाहिलं. मनगटापेक्षा जाड काळ्या केबल शेजारीशेजारी पडल्या होत्या.

"या कुठून आल्यात हो?"

"सबस्टेशनमधनं, काकू. सगळ्या लाइनी इकडनंच जातात. टेन्शन नका घेऊ, संध्याकाळपर्यंत चालू होईल."

त्या बिचाऱ्याला वाटलं, मला लाइटची काळजी आहे. खाट आणि केबल यांच्यात एक भिंत आणि थोडी माती. आगीतून फुफाट्यात आणून ठेवणार होते मी पोरीला. मी खाट आत ओढायला लागले. हे म्हणाले, "अगं, नेतेस कुठे?" खरंच, कुठे नेणार होते? उरला हॉल, आणि त्याच्या भिंतीला लागून इमारतीची मीटररूम. मी त्याच खाटेवर बसले आणि मोठ्याने रडले.

मग डोळे पुसून लेकीला फोन केला. "तू तिथेच राहा. मी येते तुझं सगळं करायला."

"अगं आई, मी बॅग भरलेली! सासूबाईंशी किती डोकं लावलेलं मी. आता काय सांगू त्यांना?"

मी केबलचं सांगितलं. ती घाबरेल असं वाटलं होतं, ती भडकली.

"मला तिथे महिनाभर झोपायला नको म्हणतेस. मग तू आणि बाबा रोज कसे झोपता?"

"आमचं काय एवढं."

"आमचं काय म्हणजे? तुम्हीपण निघा ना तिथून!"

"तुला निदान सासर तरी आहे राहायला," मी म्हणाले. "आम्हाला कोण आहे, बाई?"