चटणी न खाणारा पाहुणा

भाकऱ्या थापताना माझ्या कानात कुणीतरी खून करत असतो. एकामागून एक माणसं मारणाऱ्यांच्या गोष्टी मी मोबाइलवर लावते. त्यांचं बालपण, त्यांचा स्वभाव, त्यांनी हे का केलं, सगळं पाठ झालंय. नवरा म्हणतो, बाकीच्या बायका भजनं ऐकतात. ऐकू देत.

माझ्या विधवा धाकट्या बहिणीला टेंभुर्णीचं स्थळ आलं. त्या गृहस्थांच्या आधीच्या दोन्ही बायका वारल्यात हे कळलं आणि मी कान टवकारले. एक गेली तर नशीब म्हणू. पण दोन? बहीण मात्र खुशीत होती. इतकी खुशीत मी तिला पहिल्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

गृहस्थ आमच्याकडे जेवायला आले. सभ्य, हळू बोलणारे. खुनी असेच असतात, शेजाऱ्यांना शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. मी कडक भाकरी, दही, शेंगाचटणी वाढली. त्यांनी चटणी बोटानं कडेला सारली. सोलापूर जिल्ह्यात जन्मून शेंगाचटणी न खाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. विष असेल म्हणून घाबरले की काय? आणि विषाचं नेमकं यांच्याच डोक्यात कसं आलं? राहवेना, विचारलंच.

"दुसरी उखळात चटणी कुटता कुटताच कोसळली," ते म्हणाले. "तवापासनं घशाखाली उतरत न्हाय."

त्यांचे डोळे भरून आले. माझ्या गोष्टींतल्या खुन्यांचेही येतात.

ते गेल्यावर मी बहिणीला स्वयंपाकघरात गाठलं. "एकदा टेंभुर्णीला जाऊन चौकशी करू. माणूस कशापायी काय करंल, सांगता येत न्हाय."

ती भांडी विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "अक्का, माझा नवरा मला बडवायचा. का बडवतो, कदी विचारलीस का गं? तापट हाय, जरा सांभाळून घे, म्हणायचीस. मोबाइलवर लावण्यासारखं न्हवतं की ते."

मला लई राग आला. आधी तिचाच आला, मग कुणाचा ते कळेना. शंका तर अजूनही गेली नव्हती.

तिनं पदराला हात पुसले आणि त्यांना फोन लावला. "तारीख काढा," म्हणाली. मला विचारलंसुद्धा नाही.