थोरल्याला गार पाणी

माझा मामा सागरी संशोधन केंद्रात पाणबुड्या होता. खाडीच्या उथळ तळावरचे महाशिंपले सांभाळणं हे त्याचं काम. मामी म्हणायची, नवरा शिंपल्यांचा, मी फक्त डबा भरते. त्यातल्या सगळ्यात मोठ्याला मामा थोरला म्हणायचा. दोघांना उचलणार नाही एवढा, आणि कडेला निळं-हिरवं मखमली मांस. त्या मांसात बारीक शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न बनवतं, म्हणून ह्याला चूल लागत नाही, असं तो आम्हा भाचरांना ऐटीत सांगायचा.

एकदा केंद्राच्या प्रमुख बाईंनी भिंतीवर नकाशा लावला. पाणी तापतंय तसा महाशिंपल्यांचा मुलूख उत्तरेच्या थंड पाण्याकडे सरकतोय. काही वर्षांनी आपली खाडी त्यात नसेल. मामा घरी येऊन जेवता जेवता धुसफुसला, शिंपल्यानं काय बिऱ्हाड पाठीवर घ्यायचं? मी हसले होते. आता त्याची लाज वाटते.

त्या उन्हाळ्यात शिंपले पांढरेफटक पडू लागले. त्यांना उत्तरेच्या खाडीत हलवायला बाईंनी परवानगी मागितली. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. मामाला धीर धरवेना. कुणाला न विचारता त्यानं थोरल्याला दोर बांधले, हवा भरलेल्या पिंपांनी उचललं आणि कड्याखालच्या खोल, गार पाण्यात नेऊन ठेवलं. त्या दिवशी तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

दर आठवड्याला तो खाली जाऊन बघायचा. तिथल्या अंधारात सगळंच राखाडी दिसतं. त्याला वाटलं, सावरतोय.

परवानगी अडीच महिन्यांनी आली. थोरल्याला वर आणलं तेव्हा आतलं मांस चोळामोळा होऊन एका कोपऱ्यात गेलं होतं. उत्तरेला न्यायची टाकी पाण्यानं भरेपर्यंत त्याचा जीव गेला. बाईंनी हळूच विचारलं, खाली ऊन किती पोचत होतं? मामा होडीच्या फळीवर बसला.

"गारवा बघितला," तो म्हणाला. "ऊन बघायचं राहिलं. उपाशी मारला मी त्याला."

बाकीचे अठरा उत्तरेला पोचले आणि जगले. त्यांचा रंगही परत आला. त्यांच्याजवळ राहायला या, म्हणून बाई स्वतः घरी आल्या. मामानं मान हलवली.

"दुसऱ्या कुणाला पाठवा, बाई. मी जीव लावतो, आणि मग मला थांबता येत नाही."