पिशवीतली सुरमई

माझा स्वभाव मुळात संशयी. फोनवर अनोळखी माणूस गोड बोलायला लागला की मी फोन ठेवतो. लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर आली तरी उघडण्याआधी पाठवणाऱ्याला विचारतो, ‘तूच पाठवलीस ना?’ हा गुण आईकडून आला. ती किनाऱ्यावरच्या मुरबे गावची, मच्छीमारांच्या घरातली. बोईसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मासळी आणायचं काम तिचंच. कल्ले उघडून लाल दिसल्याशिवाय ती कोळणीच्या पाटीतला पापलेट उचलत नाही.

मध्यंतरी तिने आणलेली कोळंबी दोनदा वासाची निघाली. बायकोने ती हळूच फेकून दिली आणि आईला मांजराने पळवली म्हणून सांगितलं. माझा संशय थेट बाजारातल्या कोळणीवर. म्हातारी बाई बघून शिळा माल गळ्यात मारते, दुसरं काय? म्हणून मी ॲपवरून सुरमई मागवली.

फोनमधल्या नकाशावर एक छोटी स्कूटर सरकत होती आणि ‘ताजी मासळी तुमच्याकडे निघाली आहे’ असा निरोप सारखा येत होता. स्वतःची इतकी जाहिरात करणाऱ्या माशाबद्दल मला तेव्हाच शंका यायला हवी होती. बहुधा ती सुरमई आमच्याच किनाऱ्यावर उतरली, मुंबईला जाऊन बर्फात राहिली आणि प्लास्टिकच्या पिशवीत बसून बोईसरला परत आली.

आईने पिशवी उलटीपालटी केली. आत नुसते तुकडे. डोकं का लपवलंय, असं तिने मला विचारलं. तोवर किती तारे देणार म्हणून ॲप माझ्या मागे लागलं होतं.

बायकोने कात्रीने पिशवी कापली आणि आम्ही दोघं एकदम मागे सरकलो. कुबट वास स्वयंपाकघरभर पसरला. आईने मात्र एक तुकडा नाकाशी धरला, मग दुसरा धरला.

“याला वासच नाय,” ती म्हणाली. “मावरं हाय का रबर?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कोळीण बिचारी निर्दोष होती. आई आमची तोंडं निरखत होती. मी घाईघाईने म्हणालो, हो, वास नाहीच, त्यांचं पॅकिंग चांगलं असतं. माझ्या आईला असलं काही पटणार होतं थोडंच! तिने फळीवरचा सुक्या जवळ्याचा डबा काढला, झाकण उघडून त्यात जवळजवळ तोंडच घातलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग डबा माझ्यापुढे केला.

“तू हुंग. आनि खरं सांग.”

वास नाकात झोंबला. खोटं बोलवेना. येतो, मी म्हणालो.

तिने झाकण घट्ट लावलं.

“उद्या बाजारात माझ्यासंगती चल. भाव मी करीन, हुंगायचं तू. पन तिथं कोनाला समजता कामा नये.”