तीनशे चारमधली पाहुणी

कॅल्गरीच्या मराठी मंडळात कुणी विचारलंच, तर वनिताताई साळुंखे म्हणायच्या, "मी हॉटेल लाइनमध्ये आहे." त्यापुढे कुणी खोलात शिरू लागलं की त्यांना नेमकी गॅसवरची भाजी आठवायची. खरं एवढंच होतं, की डाउनटाउनमधल्या एका मोठ्या हॉटेलात त्या एकोणीस वर्षं खोल्या साफ करत होत्या. यात चोरी नाही की लबाडी नाही. पण मिरजेच्या शाळेत दहावीला पहिल्या आलेल्या बाईच्या तोंडून ते वाक्य काही निघत नसे. माणसाचा अभिमान कुठे जाऊन अडून बसेल, सांगता येत नाही.

घरीसुद्धा तोच कायदा. पहाटे उणे तीसच्या थंडीत सीट्रेन पकडायची, दुपारी परत यायचं आणि युनिफॉर्म थेट वॉशिंग मशीनमध्ये टाकायचा. लेक ऊर्मीला आई हॉटेलात क्लीनिंग करते हे ठाऊक होतं. त्यापलीकडे तिने विचारलं नाही नि यांनी सांगितलं नाही.

ती ऊर्मी शिकली, इंजिनिअर म्हणून नोकरीला लागली. यंदा मे महिन्यात कंपनीने तिला चार दिवस कॉन्फरन्ससाठी व्हिएन्नाला पाठवलं, तेव्हा तिने आईचंही तिकीट काढलं.

"आई, यू आर द गेस्ट, ओके? तिथे काही म्हणजे काही करायचं नाही."

"नाही गं बाई, मी कशाला करते?"

मनातल्या मनात ताईंनी आणखी एक पण केला. हे चार दिवस आपण फक्त पाहुणी. आपण काय काम करतो हे तिथल्या एकाही माणसाला कळू द्यायचं नाही. आयुष्यात एकदा तरी हॉटेल पलीकडच्या बाजूने बघायचं, आणि तेही ताठ मानेने.

हॉटेल शहराच्या अगदी मध्यात, पण एका अरुंद गल्लीत होतं. तीसेक खोल्या असतील. लिफ्ट इतकी चिमुकली, की आधी बॅगा वर पाठवायच्या आणि मग माणसांनी जायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या तीनशे चार नंबरच्या खोलीत शिरून वनिताताईंनी खिडकी उघडली आणि त्या तिथेच खिळल्या. समोर मोठ्या चर्चचं उतरतं छप्पर होतं. रंगीत कौलांची नागमोडी नक्षी, सतरंजीसारखी, पार टोकापर्यंत गेलेली. इतक्या उंचावर बसून कुणी हे एकेक कौल लावलं असेल? तेवढ्यात घंटा वाजू लागल्या, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि ताईंचे हात आपोआप जोडले गेले.

ऊर्मी खाली पाण्याच्या बाटल्या आणायला गेली, तेव्हा त्या पलंगाशी आल्या. कॅल्गरीत नियम सक्त होता, पाहुण्याच्या पलंगावर टेकायचंसुद्धा नाही. हजारो पलंग त्यांनी घातले होते, एकावरही कधी पाठ टेकली नव्हती. आज टेकली. वर छतावर प्लास्टरची फुलं होती, पाकळ्या मोजता याव्यात अशी.

"अगंबाई, हे असं दिसतं होय!" त्या मोठ्याने म्हणाल्या. झोपलेल्या माणसाला दिव्याच्या शेडची वरची कडही दिसते, हे त्यांना आजच कळलं. तिच्यावर धुळीचा कण नव्हता. ती कड आठवणीने पुसणाऱ्या बाईला त्यांनी मनोमन शाबासकी दिली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पदराने नाही, हॉटेलच्या गुळगुळीत उशीलाच पुसले. पाहुणी होत्या ना!

दुसऱ्या दिवशी सात वाजता ऊर्मी कॉन्फरन्सला गेली आणि सगळा घोळ झाला. विस्कटलेला पलंग बघून ताईंचे हात शिवशिवायला लागले. आपलं अंथरूण आवरायला कुणी बाई येणार ही कल्पनाच त्यांना सोसेना. नुसती चादर नीट करू म्हणून वाकल्या त्या वाकल्याच. इथे पांघरुणं दोन वेगवेगळी, वरची चादर नाहीच. हे काय अर्धवट? त्यांनी दोन्ही पांघरुणं जोडून गादीखाली घट्ट खोचली, कोपरे कॅल्गरीच्या शिस्तीत मुडपले. मग शाम्पू घेऊन टब घासला, नळ चकचकीत केले, आरसा पुसला, टॉवेलच्या तीन-तीन घड्या घातल्या. पंचवीस मिनिटांत सगळं झालं. मग पर्स उचलून बाई शहर बघायला निघाल्या.

दुपारी चारला मायलेकी लॉबीत भेटल्या, तर मॅनेजर त्यांचीच वाट बघत होता. गृहस्थ अतिशय नम्र. काल खोली अस्वच्छ मिळाल्याबद्दल त्याने माफी मागितली. पाहुण्याला स्वतः टब घासावा लागला, असं या हॉटेलात कधी झालं नव्हतं. दुसरी खोली तयार होती. आणि ती खोली ज्यांनी केली होती, त्या ड्रागाना आजपासून इथे नसतील.

ड्रागाना मागेच उभी होती. पन्नाशीची सर्बियन बाई, महिन्यापूर्वीच लागलेली, अजून ट्रायलवर. डोळे लाल, हातात ॲप्रन गुंडाळलेला. साफसफाईच्या औषधांनी तिच्या बोटांची पेरं फुटली होती. ती पेरं वनिताताईंच्या ओळखीची होती.

ताई घाईने पुढे झाल्या. "नो, नो, रूम व्हेरी क्लीन. आय लाइक क्लीनिंग," त्या कशाबशा म्हणाल्या.

मॅनेजर समजूतदारपणे हसला. सभ्य पाहुणे तक्रार करत नाहीत, हे त्याला अनुभवाने माहीत होतं. त्याने ड्रागानाला कामावरून काढल्याचा कागद तिच्या सहीसाठी टेबलावर ठेवला.

वनिताताईंनी एकदा ऊर्मीकडे बघितलं. लॉबीत तिच्या ऑफिसचे दोघं-तिघं कॉफी पीत बसले होते.

"सर," ताई म्हणाल्या, आणि आवाज त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा बराच मोठा आला. "आय ॲम रूम अटेंडंट. कॅल्गरी, कॅनडा. नाइन्टीन इयर्स. माय हँड्स डू इट, आय कान्ट स्टॉप. टॉप ऑफ द लॅम्प, नो डस्ट! नोबडी क्लीन्स दॅट. शी क्लीन्स."

लॉबीत कपबशांचा आवाज थांबला. मॅनेजर सरळ उभा राहिला आणि धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला विचारतो तसं त्याने विचारलं, रोज किती खोल्या?

"फोर्टीन."

त्याने ते जर्मनमध्ये ड्रागानाला सांगितलं. ड्रागानाचा हात तोंडावर गेला. ती पुढे आली, तिने ताईंचे दोन्ही हात धरले आणि पालथे करून बघितले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मॅनेजरने टेबलावरचा कागद फाडला आणि ड्रागानाला उद्याच्या खोल्यांची यादी दिली.

ऊर्मी आईजवळ आली.

"फोर्टीन? आई, एव्हरी डे?"

"छे गं. वीकेंडला सोळा."

"अँड देन यू केम होम अँड कुक्ड फॉर अस?"

"मग काय तर," वनिताताई म्हणाल्या. "तुला काय उपाशी ठेवणार होते?"