सूनबाईचा केक आणि माझा पाक

केकमध्ये लवंग घालतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

तोपर्यंत माझा आणि लवंगेचा संबंध दाढदुखीपुरताच होता. पण आमची सून प्राजक्ता चिंचवडहून कुसगावला नांदायला आली, ती ओव्हन घेऊनच. (बाकी सामान टेम्पोतून आलं. ओव्हन तिच्या मांडीवर बसून आला!) आणि कुसगावला तर केकला तोटा नाही. इथल्या बंगल्यांत दर शनिवारी इतके वाढदिवस होतात, की मुंबईची माणसं जन्माला यायलासुद्धा शुक्रवारी ऑफिस सुटल्यावरच निघत असावीत!

या बंगल्यांत आपला केक शिरावा, एवढंच प्राजक्ताचं स्वप्न होतं. सहा महिने ती चकरा मारत होती. बंगल्यांचे वॉचमन तिला नावानिशी ओळखायला लागले, पण ऑर्डर काही मिळेना. आणि एके दिवशी ती अंगणातूनच ओरडत आली, "आई! पप्पा! मिळाली!"

चार बंगले असलेल्या एका मालकीणबाईंनी स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी स्पाइस केक सांगितला होता. वर म्हणाल्या होत्या, आवडला तर चारही बंगल्यांचे केक तुझ्याकडे. नाही आवडला तर आमचा पुण्याचा केकवाला आहेच.

"स्पाइस केक म्हणजे गं?" आमच्या मंदानं, म्हणजे सौभाग्यवतींनी, विचारलं.

"मसाल्याचा केक, आई."

मंदा लगेच उठून काळ्या मसाल्याची बरणी काढायला निघाली.

"तो मसाला नाही, आई! दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ आणि गूळ."

"म्हणजे काढा?" मी म्हणालो.

माझी थोरली बहीण, अक्का, तिकोणा पेठेहून डोळे तपासायला आमच्याकडे आली होती. (डोळे एका सकाळी तपासून झाले. मुक्काम आठवड्याचा होता.) तिनं कोपऱ्यातून निकाल दिला, "सुंठ, जायफळ, गूळ... म्हंजी बाळंतिणीचा केक म्हन की!"

शनिवारी सकाळी तो बाळंतिणीचा केक ओव्हनमधून बाहेर आला. आणि काय सांगू तुम्हाला, असा वास सुटला की लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्या आमच्या वळणावर आपोआप न्यूट्रलमध्ये गेल्या! आमचा मुलगा नीलेश उर्से टोलनाक्यावर ड्युटीला असतो. त्याला तिथं बूथमध्ये वास आला, असं तो शपथेवर सांगतो. (शपथ त्याची, सांगणं माझं.)

"आता फ्रॉस्टिंग ठरवायचं," प्राजक्ता म्हणाली.

"त्ये काय असतंय?" अक्का.

"केकला बाहेरून लावतात ते, आत्या. गोड लेप."

"आसं व्हय! उटनं म्हन की."

या उटण्यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझं लग्न ठरवताना झाली नव्हती. चक्क्याचं फ्रॉस्टिंग करायचं की लोण्याचं, की वरून नुसता पातळ पाक सोडायचा? चक्का आंबूस, मसाल्याला शोभतो. लोण्याची फुलं छान पडतात. मंदा लोण्याच्या बाजूनं, अक्का चक्क्याच्या. मी दोन्हींची चव घेऊन बघावी अशा मताचा होतो आणि दोनदा घेतलीही. शेवटी प्राजक्तानं ठरवलं, चक्का! रात्रभर पंच्यात बांधून टांगलेला घट्ट पांढराशुभ्र चक्का तिनं पातेल्यात काढला. लोणी अक्कानं घरच्या म्हशीचं आणलेलं, तेही शेजारी वाडग्यात ठेवलं. समजा चक्का बिघडला तर लोणी.

"मी लोणावळ्यातून केकचा बॉक्स आणते. तोपर्यंत कुणीही कशालाही हात लावायचा नाही!" असं बजावून ती स्कूटीवरून गेली.

मुलगी हुशार, पण चिंचवडची. शनिवारी लोणावळा बाजारात जाणारा माणूस त्याच शनिवारी परत येईल याची खात्री नसते, हे तिला कोण सांगणार? बघता बघता ट्रॅफिक जाम झाला आणि आमच्या घरात वेगळाच घोळ सुरू झाला.

त्याचं असं आहे, की आमच्या घरातल्या बायकांना कुठलाही पदार्थ आहे त्या अवस्थेत बघवत नाही. दूध दिसलं की त्या विरजण लावतात. दही दिसलं की घुसळतात. मी आंघोळीला गेलो होतो, म्हणजे मोजून दोन तांबे अंगावर घेतले असतील. बाहेर येतो तर अक्का पुरणयंत्र फिरवतेय!

"अक्का, हे काय?"

"चक्का उगाच पडलावता रं. साखर घातली, येलदोडा घातला. बघ श्रीखंड किती झ्याक झालंय!"

"अगं, ते उटणं होतं!"

"व्हय?" अक्कानं यंत्राची दांडी सोडली. "मग ऱ्हाऊ दे थोडं. तू चाखून तर बघ."

मी चाखलं. (तुम्ही काय केलं असतं?) तेवढ्यात मंदानं पुऱ्या तळायला घेतल्या, कारण श्रीखंड नुसतं खायची आमच्यात पद्धत नाही. आठव्या पुरीवर फोन वाजला.

"पप्पा, मी गर्दीत अडकलेय. चक्का फ्रिजमध्ये ठेवा हं, नाहीतर आंबेल."

मी पातेल्यात बघितलं. आंबायला काही उरलंच नव्हतं.

"प्राजक्ता, बाळा," मी आवाज जमेल तितका वडीलधारा केला, "मला काय वाटतं, लोण्याचंच करावं. लोणी दिसायला जास्त..."

"पप्पा, चक्का कुठंय?"

"आहे. आमच्यातच आहे."

पलीकडे गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. मग ती दमानं म्हणाली, "ठीक आहे. लोणी तरी बाहेर काढून ठेवा."

मी वळून बघितलं. शेगडीवर लोणी कढत होतं! मंदा प्रेमानं ढवळत होती आणि त्यात तिनं विड्याचं पानही टाकलं होतं.

"अगं मंदा!"

"ओरडताय काय? पुऱ्यांचा गॅस रिकामा झाला, म्हटलं तेवढ्यात तूप होईल. घरात तूप नाही चार दिवस!"

फोन माझ्या कानालाच होता. प्राजक्तानं सगळं ऐकलं. तिचा आवाज रडवेला झाला. "पप्पा, सात वाजता केक द्यायचाय. मी कधी पोचेन माहीत नाही. आता गुळाचा पातळ पाकच करा. केकवरून सोडा, बस्स. पप्पा, तुम्हाला पाक येतो ना?"

येतो ना? मला?

वाचकहो, इथं थोडं थांबून माझी ओळख करून देणं भाग आहे. मी लोणावळ्यात उभी हयात चिक्कीच्या कढईसमोर काढलेला माणूस आहे. मी केलेली चिक्की एका ओळीत मांडली तर कन्याकुमारी मागे टाकून थोडी समुद्रातही जाईल. निवृत्त झाल्यापासून पाकाबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. आज माझ्या सुनेनं विचारलं होतं!

"मंदा, बाजूला हो," मी लुंगी खोचली. "तूप उतरव. कढई आण. गूळ आण!"

गूळ वितळला, फेस आला, आणि माझ्या हाताला जुनी ऊब चढली. पहिली तार आली. इथंच थांबायचं होतं. पण हात ऐकतोय कुठं! गॅस बंद करायला उजवा हात पुढे केला, तर त्यानं जाऊन झाराच फिरवला. गोळी झाली. तरी माझं मन म्हणेना की झाला. थंड पाण्यात थेंब सोडला. तो तळाशी गेला, मी उचलून मोडला. कट्ट! काय तो आवाज! त्या आवाजासाठी मी आयुष्य घालवलंय.

"जमला!" मी ओरडलो आणि कढई केकवर उपडी केली.

तिथंही थांबलो असतो तर बरं. पण गरम पाक समोर पसरलेला दिसल्यावर चिक्कीवाल्याला स्वस्थ बसवत नाही. हातानं भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट पेरला. तूप होतंच, तळहाताला लावून केकच्या चारही बाजू गुळगुळीत केल्या. मग मला लाटणं सापडलं. मंदानं वेळेवर ओढून घेतलं म्हणून, नाहीतर केकची पोळी झाली असती.

दहा मिनिटांत पाक बसला. केक असा चकाकत होता, की नवी कोरी बुलेट अंगणात लावल्यासारखं वाटलं. अक्कानं आपल्या चष्म्यातून त्याची पारख केली आणि बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं.

टण! टण!

"आरं बाळू," ती म्हणाली, "ह्यो केक हाय का घमेलं?"

मग मी सुरी लावली. सुरी घसरली. मंदानं विळीवर धरून बघितला. विळी कुरकुरली. अक्का म्हणाली, "उन्हात ठिवा, इतळंल." मंदा म्हणाली, "वाफ द्या." मी म्हणालो, "कडेनं थोडा ठोकून बघू का?" आणि नेमकी त्याच वेळी प्राजक्ता दारात उभी. हातात बॉक्स, केसांत सगळ्या लोणावळ्याची धूळ.

ती पुढं आली. तिनं केक वाजवला. टण!

"पप्पा," ती म्हणाली, "पातळ म्हटलं होतं ना मी?"

"पातळच होता," मी म्हणालो. "सुरुवातीला."

ती पाटावर बसली आणि तिचे डोळे भरून आले. सहा महिन्यांच्या चकरा, चार बंगले, सगळं त्या गुळाच्या चिलखतात अडकलं होतं. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. (जमिनीलाही मी पचलो नसतो. पाक बघितला होता तिनं!)

अचानक तिनं नाक पुसलं. "आई, खलबत्त्यातला बत्ता द्या."

"मारू नकोस गं त्यांना," मंदा घाबरून म्हणाली. "वय झालंय."

"त्यांना नाही हो! पुण्यात पिनाटा केक मिळतो. वर चॉकलेटचं कवच असतं, हातोडीनं फोडून खातात. लोक वेडे होतात त्याच्यासाठी!"

पिनाटा हे मला कुणाचं तरी आडनाव वाटलं. पण आमचा पितळी बत्ता चिंचेनं घासला गेला, त्याला लाल रिबीन बांधली गेली, आणि मी केक मांडीवर घेऊन स्कूटीवर मागं बसलो. एवढा जड, की चढावर पुढचं चाक हवेत जातंय की काय असं वाटलं!

बंगल्यात पाहुणे जमले होते. मालकीणबाईंनी केककडे बघितलं, बत्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे काय आहे?"

"फोडायचा केक आहे, मॅडम," प्राजक्ता हसून म्हणाली. हसली खरी, पण पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत होती. मला दिसत होतं, कारण मी मान खाली घालून उभा होतो.

मालकांनी पहिला घाव घातला. काही नाही. दुसरा घातला. बत्ता हातातून उडाला. पाहुणे आरडाओरड करायला लागले, "अजून! अजून!" मालकांच्या मेव्हण्यानं बाह्या सरसावल्या, पण केक जागचा हलला नाही. शेवटी वॉचमनला बोलावलं. हा पवन मावळ खोऱ्यातला गडी, त्यानं बत्ता उचलला, "जय भवानी!" म्हणाला आणि घातला.

फाट्!!

पाकाचे तुकडे छतापर्यंत उडाले. एक स्विमिंग पूलमध्ये पडला, एक मेव्हण्याच्या खिशात. आणि त्या भेगेतून जायफळ-दालचिनीचा असा वास बाहेर आला, की सगळ्यांची नाकं आधी पुढे आली. मग पोरं तुटून पडली, मोठी माणसंही पडली. मऊ केक आणि कुरकुरीत गूळ, दोन्ही हातांनी! मालकीणबाई तोंड भरलेलं असतानाच म्हणाल्या, "पुण्याच्या केकवाल्याला फोन करून नको म्हणून सांगते. चारही बंगले तुझे! पण हे फ्रॉस्टिंग कुणी केलं?"

"आमच्या पप्पांनी," प्राजक्ता म्हणाली. "ते त्यातले तज्ज्ञ आहेत."

माझी छाती इतकी फुगली, की परत येताना स्कूटीवर तिघं बसल्यासारखं वाटत होतं.

पुढच्याच शनिवारी पुन्हा ऑर्डर आली. केक तोच, फ्रॉस्टिंगही तेच, आणि ते पप्पांनीच करायचं! तसाच टणक पाक जमवायचा, यावेळी चूक होऊ द्यायची नाही असं मी ठरवलं. प्राजक्ताचा थर्मामीटर कढईत लावला, चष्मा लावला, अक्काला गप्प बसवलं. संध्याकाळी बंगल्यात पाहुणे गोल करून उभे राहिले, सगळ्यांचे मोबाइल वर. मालकांनी बत्ता डोक्यावरून फिरवून सगळी ताकद लावून घातला.

पच्च!

बत्ता मुठीपर्यंत आत गेला. पाक सगळीकडे उडाला, मालकीणबाईंच्या भुवयांपासून वॉचमनच्या टोपीपर्यंत! मी दाराकडे सरकायला लागलो. मालकीणबाईंनी भुवईवरचा ओघळ बोटानं निपटला, चाटला, आणि डोळे मिटून म्हणाल्या, "अहाहा! हे तर त्याच्याहून छान! यापुढे दर वेळी असंच!"

तेव्हापासून प्राजक्ता रोज वही-पेन घेऊन विचारते, "पप्पा, सांगा ना, तो दुसरा पाक नक्की कसा केला होता?" मी गंभीर चेहरा करून सांगतो, "बाळा, धंद्यातलं गुपित आहे." आणि खरंच गुपित आहे हो, मलासुद्धा अजून कळलेलं नाही!