चार जागा आणि दोन परीक्षा

टॅबिथा स्टॅम्परचा राग साऱ्या स्टोनी गॅप गावाला ठाऊक होता, पण त्या वर्षी तो ज्या गोष्टीवर निघत होता ती गोष्ट लोकांना समजावून सांगता सांगता तिच्या तोंडाला फेस यायचा. गोष्ट अशी, की डॉक्टर व्हायचे दोन रस्ते आहेत. एका प्रकारच्या कॉलेजातून निघतात ते नुसते डॉक्टर. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे टॅबिथाच्या कॉलेजातून निघतात ते ऑस्टिओपॅथ. औषधं तीच, वॉर्ड तेच, पाळ्या त्याच, सहीची किंमतही तीच. ऑस्टिओपॅथला हाताने मान, पाठ, बरगड्या मोकळ्या करायची विद्या तेवढी जास्तीची शिकावी लागते. परवान्यासाठी ऑस्टिओपॅथांची स्वतःची परीक्षा आहे, कॉमलेक्स. नुसत्या डॉक्टरांची वेगळी, यूएसएमएलई. ऑस्टिओपॅथने पहिली द्यायलाच हवी, दुसरी ऐच्छिक. आणि या 'ऐच्छिक'ने जेवढी पोरं रडवली आहेत तेवढी सक्तीनेसुद्धा रडवली नसतील.

"म्हणजे केंटकीचं लायसन असताना टेनेसीचंही काढायचं, आणि गाडी एकच?" तिचे वडील व्हर्नन एकदा जेवताना म्हणाले होते.

"तसंच समजा, डॅडी."

"आणि नाही काढलं तर?"

"तरी चालतं म्हणतात."

"म्हणतात," व्हर्नन म्हणाले, नाकातली ऑक्सिजनची नळी नीट केली, आणि बीन्समध्ये मक्याचा पाव कुस्करायला लागले. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेल्या माणसाचा 'म्हणतात'वर फारसा विश्वास नसतो.

टॅबिथा तेहतीस वर्षांची होती. कॉलेजात येण्याआधी सात वर्षं ती चाळीस मिनिटांवरच्या ब्रायर फोर्कच्या इस्पितळात मनोरुग्णांच्या वॉर्डात मदतनीस होती. तिथं तीन काउंट्यांमधले पेशंट यायचे आणि दर दुसऱ्या गुरुवारी डॉक्टर टीव्हीच्या पडद्यावर यायचे. एक म्हातारा खाणकामगार पडद्याशी बोलायचाच नाही. टोपी मांडीवर ठेवून वीस मिनिटं गप्प बसायचा, आणि मग बाहेर येऊन टॅबिथाला व्हरांड्यात सगळं सांगायचा, मेलेल्या भावाचे आवाज कधी येतात आणि काय सांगतात ते. तिला लिहून घ्यायचाही अधिकार नव्हता. एक दिवस तो म्हणाला, "तूच का होत नाहीस गं डॉक्टर?" ती झाली, किंवा होत आली होती. आता त्या इस्पितळात मानसोपचाराची रेसिडेन्सी सुरू झाली होती, म्हणजे पदवीनंतरची चार वर्षांची उमेदवारी. दरवर्षी चार जागा. टॅबिथाला त्यातली एक हवी होती. डॅडींची फुप्फुसं बघता ती दुसऱ्या राज्यात जाऊ शकत नव्हती. ब्रायर फोर्क मिळालं तर मिळालं, नाहीतर जे कुठलं दुसरं खातं जवळपास मिळेल ते घेऊन आयुष्यभर गुडघे बघत बसायचं.

डार्सी कॉम्ब्सलाही तिथंच जायचं होतं. डार्सी सत्तावीस वर्षांची, पलीकडच्या खोऱ्यातली, वर्गात सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत भित्री. पहिली दोन वर्षं दोघी टेबलाच्या जोडीदारणी होत्या. ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजात हाताची विद्या एकमेकांच्या अंगावरच शिकावी लागते. एकीने टेबलावर पालथं पडायचं, दुसरीने मणके चाचपायचे, मग उलट. दोन वर्षं असं केल्यावर माणूस एकमेकींपासून फार काही लपवू शकत नाही. डार्सी घाबरली की तिच्या डाव्या खांद्याखाली सुपारीएवढी गाठ यायची, आणि ती टॅबिथाशिवाय कुणाला सापडायची नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी टॅबिथा तीच गाठ सोडवत होती.

"मी तारीख घेतलीय," डार्सी टेबलात तोंड खुपसून म्हणाली. "जूनची. लेक्सिंग्टनच्या केंद्रावर."

"कसली तारीख?"

"त्यांच्या परीक्षेची."

टॅबिथाचे हात थांबले. "डोकं फिरलंय का तुझं? आपली परीक्षा त्याच महिन्यात आहे. एका महिन्यात दोन, नऊ-नऊ तासांच्या? आणि तिकडं मार्क कमी पडले तर ते जन्मभर चिकटणार. हात दाखवून अवलक्षण."

"पण सगळे म्हणतात की..."

"सगळे गेले खड्ड्यात. ब्रायर फोर्कवाल्यांनी स्वच्छ लिहिलंय, दोन्ही परीक्षा चालतात. मी स्वतः वाचलंय. आणि मला सांग, त्यांच्यातला एकतरी येतो का आपली परीक्षा द्यायला? मग आपण कशाला त्यांच्या दारात टोपी काढून उभं राहायचं? ही विद्या आपल्याला येते, त्यांना येत नाही. तू रद्द कर ती तारीख."

"तुला खात्री आहे?"

"अगं, मीही देत नाहीये. माझंही सगळं पणाला लागलंय ना?"

डार्सीने टेबलावर पडल्या पडल्याच फोन मागितला आणि तारीख रद्द केली. खांद्याखालची गाठ लगेच सुटली. टॅबिथाला त्या वेळी स्वतःचा मोठा अभिमान वाटला.

कॉमलेक्समध्ये डार्सीला सहाशे एक्केचाळीस मिळाले, टॅबिथाला पाचशे अठ्ठेचाळीस. पाचशे अठ्ठेचाळीस वाईट नव्हते. सहाशे एक्केचाळीस म्हणजे प्राध्यापक जिन्यात थांबवून हात मिळवत होते. जुलैत टॅबिथाला महिनाभर ब्रायर फोर्कच्या वॉर्डात शिकायला पाठवलं. डार्सीला मात्र दुसऱ्या टोकाला, बाळंतपणाच्या वॉर्डात. त्यामुळे ब्रायर फोर्कमध्ये तिला कुत्रंही ओळखत नव्हतं.

टॅबिथाचा महिना झकास गेला. रेसिडेन्सीचे प्रमुख डॉक्टर व्हिटलो मोठे भले गृहस्थ, पण मानेने हैराण. तिसऱ्या दिवशी टॅबिथाने त्यांना खुर्चीत बसवून मान मोकळी करून दिली. तेव्हापासून रोज दुपारी चारला ते तिच्यापुढे डोकं सोडून बसायचे. महिनाभर रोज चारला. "कुठं शिकलीस हे?" ते विचारायचे. "कॉलेजात, डॉक्टर. ऑस्टिओपॅथ आहे मी." "छान, छान," ते डोळे मिटून म्हणायचे. जाताना म्हणाले, अर्ज नक्की कर. टॅबिथाने हे तीन शब्द घरी चारदा सांगितले. व्हर्नन म्हणाले, "अर्ज कर म्हणाले. जागा देतो म्हणाले नाहीत."

सप्टेंबरात दोघींनी अर्ज भरले. ऑक्टोबरात मुलाखतीची बोलावणी सुटली. वर्गातल्या दोन पोरांना ब्रायर फोर्कचं आलं. दोघांनी दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, दोघांचे कॉमलेक्सचे मार्क टॅबिथापेक्षा कमी होते. त्यातल्या एकाला मानसोपचार आवडतसुद्धा नव्हता, त्याने एक पर्याय हाताशी असावा म्हणून अर्ज टाकला होता. टॅबिथाला काही आलं नाही. डार्सीलाही नाही. टॅबिथाने तीन आठवडे दिवसातून वीस वेळा मेल उघडून पाहिली. चौथ्या आठवड्यात तिचा पारा चढला आणि ती गाडी काढून सरळ ब्रायर फोर्कला गेली.

रेसिडेन्सीचा कारभार कागदावर व्हिटलो चालवत, प्रत्यक्षात मिस ओपल फ्यूगेट. साठीची बाई, टेबलावर पेपरमिंटची बरणी, आणि टॅबिथाला मदतनीस असल्यापासून ओळखणारी.

"मिस ओपल, माझ्या अर्जात काय खोट आहे तेवढं सांगा. मी भांडायला आले नाहीये."

"तू भांडायलाच आलीयस, बाळा. बस." ओपलने दार लोटलं. "खोट काही नाही. तुझा अर्ज कुणी उघडलेलाच नाही."

"म्हणजे?"

ओपलने पडदा तिच्याकडे वळवला. "नऊशे अर्ज आलेत. एवढे कोण वाचणार? म्हणून चाळणी लावतात. ह्या रकान्यात यूएसएमएलईचा आकडा. ठरवलेल्या आकड्याच्या वरचे ते ह्या ढिगात. रकाना रिकामा असला की मशीन शून्य धरतं आणि खाली ढकलतं. ती परीक्षा न दिलेले तुम्ही ऑस्टिओपॅथ सगळे खाली."

"पण दोन्ही परीक्षा चालतात असं लिहिलंय तुम्ही."

"चालतात ना. खालचा ढीग आम्ही फेकत नाही. वरच्यातून माणसं पुरली नाहीत तर बघतो."

"आणि पुरली नाहीत असं कधी झालंय?"

ओपलने पेपरमिंटची बरणी पुढे सरकवली. तेवढं उत्तर पुरे होतं. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. आणि टॅबिथाने दाखवायचे दात बघून स्वतःचा निर्णय घेतला होता, वर दुसरीलाही घ्यायला लावला होता. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागाचं पाणी कुणाला दिसलेलं तिला मुळीच खपत नसे. चार वर्षं पाठांतर केलं, माणसाचं हाडन् हाड ओळखलं, सात वर्षं ह्याच वॉर्डातल्या लोकांचं ऐकून घेतलं, आणि मशीन म्हणतं शून्य.

"ऊठ," ओपल म्हणाली. "चल माझ्याबरोबर."

व्हिटलो खोलीतच होते, मान एका बाजूला धरून. टॅबिथाला बघून त्यांचा चेहरा उजळला. "ही बघा आली. ओपल, हिला कधीची तारीख दिलीय?"

"दिलेली नाही. तुमच्या चाळणीत अडकली."

"का? परीक्षा दिली नाहीस?"

"दिली," टॅबिथा म्हणाली. "आमची दिली. कॉमलेक्स."

"तुमची वेगळी असते होय?" व्हिटलोंनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. महिनाभर रोज चारला ह्या माणसाची मान तिच्या हातात होती, आणि मान हातातून सुटली की टॅबिथाबद्दल ह्यांना काडीचंही ठाऊक नव्हतं. वाईट माणूस असता तर टॅबिथाला सोपं गेलं असतं. "बरं, ते असू दे. बारा नोव्हेंबरला कुणी येत नाही म्हणालं होतं ना, ओपल? हिला घाल तिथं. मुलाखतीची आणखी एक वेळ सोळाला काढता येईल तशी." मग सहज, चष्मा पुसता पुसता, ते म्हणाले, "त्या खालच्या ढिगात बघण्यासारखं आणखी कुणी आहे का? तुझ्याच कॉलेजातली असतील. नाव सांग, आत्ताच काढून बघतो."

ओपलने पेन उचललं.

टॅबिथाच्या जिभेवर नाव होतं. ते वर आलं, दातांपर्यंत आलं. आणि तिच्या मनात, तिला न विचारता, चार खुर्च्या उभ्या राहिल्या. दोन त्या पोरांच्या. एक कुणातरी बाहेरच्याची. राहिली एक.

"नाही," ती म्हणाली. "मला तसं कुणी आठवत नाही."

ओपलने पेन खाली ठेवलं. कॉलेजांच्या नावांसकट अख्खी यादी तिच्या खोलीतल्या पडद्यावर होती, तरी तिने ते पुन्हा उचललं नाही.

घरी येताना टॅबिथाने सगळ्यांना शिव्या घातल्या. मशीनला, व्हिटलोंना, वेबसाइट लिहिणाऱ्याला, दोन परीक्षा काढणाऱ्या त्या जुन्या खोडांना, ज्यांची आपसात शंभर वर्षांची भांडणं आणि भरायचं मात्र आपण. शिव्या सगळ्या खऱ्या होत्या, आणि त्यातली एकही उपयोगी पडली नाही. घरी व्हर्ननना मुलाखतीचं सांगितलं तेव्हा ते म्हातारे गृहस्थ चक्क उठले, नळी ओढत येऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझी पोर," म्हणाले. तिला तो हात झटकून टाकावासा वाटला.

जेवणं उरकायच्या आतच डार्सीचा फोन आला.

"तुला काही आलं का गं?"

टॅबिथा पोर्चवर गेली आणि दार ओढून घेतलं. "आलं. बारा तारीख."

पलीकडे डार्सी एवढ्या जोरात हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. "बघ. बघ, मी आईला तेच सांगत होते. घरचे सगळे माझ्या मागे लागलेत, ती दुसरी परीक्षा का नाही दिलीस म्हणून. मी म्हटलं, टॅबिथाला कळतं. म्हणजे आपली परीक्षा चालते त्यांना. मग आता माझंही येईलच, नाही?"

टॅबिथा पोर्चच्या पायरीवर बसली.

"येईल ना?"

"डार्सी, ऐक. आपली परीक्षा नाही चालत. मला बोलावलं ते मान चोळून दिली म्हणून. तुझा अर्ज उघडलेलाच नाही त्यांनी, माझाही नव्हता. तारीख रद्द करायला लावली ती माझी चूक." तिने श्वास घेतला. थांबता आलं असतं, इथपर्यंतचं पुरेसं वाईट होतं. "आणि आज त्यांनी मला विचारलं, अजून कुणी चांगलं आहे का म्हणून. नाव सांग, लगेच बघतो म्हणाले. मी म्हटलं, कुणी नाही."

मग डार्सीने विचारलं, अगदी हळू, वर्गात शंका विचारायची तशी.

"का?"

"कारण तू माझ्याहून हुशार आहेस," टॅबिथा म्हणाली, "आणि जागा चारच आहेत."