धागेताईने पकडलेली लाट

डोळ्यांच्या इस्पितळात तिला सगळे धागेताई म्हणत. खालच्या पापणीच्या कडेला केसाएवढा चंदेरी धागा बसवायचा आणि पेशंटला पत्ता लागू द्यायचा नाही, यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी भराभर उलटत. त्या पाहताना डोळ्याच्या आतल्या पडद्यात इवलीशी वीज उठते. ती धाग्याने टिपायची आणि यंत्राने तिची लाट काढायची. अठरा वर्षं झाली, तरी लाट उठली की तिला खुर्चीत धड बसवत नसे.

त्या मंगळवारी मोठ्या डॉक्टरांनी फरशा बसवणारे एक काका पाठवले, सोबत त्यांची मुलगी. मेंदूखाली गोटीएवढी गाठ होती आणि ती डोळ्यांच्या नसा दाबत होती. ऑपरेशन हवंच होतं, पण काका अडून बसले होते.

"नजर परत येणार असेल तर डोक्याला हात लावा. नाहीतर आहे तसा बरा आहे मी."

म्हणून नसांच्या पेशी अजून जिवंत आहेत का, ते धागेताईने शोधायचं होतं.

चौकटी सुरू झाल्या. काका म्हणाले, "ताई, ही फरशी कोणी बसवली? एक सांधा दिसेल तर शपथ!"

ती हसली, पण यंत्राकडे पाहून तिचं हसू मावळलं. सपाट रेघ. पुन्हा केलं, पुन्हा सपाट. मुलीचा चेहरा पडला.

"मेली ना नजर?" काकांनी विचारलं. "सांगून टाका."

पण सांधा दिसत नाही, हे काही तिला पटेना. फाइलमधल्या नोंदीप्रमाणे एवढ्या मोठ्या चौकटी त्यांना दिसायलाच हव्या होत्या. तिने त्यांचा चष्मा काढून उजेडात धरला.

"काका, हा चष्मा तुमचाच ना?"

मुलगी पुढे वाकली आणि ओरडलीच, "बाबा! हा तर आईचा!"

"माझ्या चष्म्यावर मी परवा बसलो," काका पुटपुटले. "म्हटलं, तुझ्या आईला यातून सगळं दिसतं. माझ्या तर बारीकसारीक चुकासुद्धा दिसतात."

आधीच तपासायला हवं होतं, म्हणून धागेताईने स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. फाइलमधला नंबर आणि पडद्याचं अंतर धरून तिने चाचणीच्या फ्रेममध्ये भिंगं बसवली, धागे बदलले.

"दात आवळू नका. मधल्या लाल ठिपक्याकडे बघा."

"अरेच्चा, चौकटी पळतायत!"

"काका, तोंड बंद!"

शंभर वेळा उलटल्या, दीडशे, दोनशे. रेघ थरथरली. आधी छोटासा उंचवटा आला, मग तो खाली, आणखी खाली गेला. ती खालची दरी म्हणजेच नसांच्या पेशींची हजेरी! तिने पुन्हा मोजलं. दुसरी लाट पहिलीवर चपखल बसली. तिसरीही तशीच. आता मात्र ती उठलीच. लिफ्ट येईना, म्हणून कागद घेऊन तीन मजले धावत चढली.

मोठे डॉक्टर जेवत होते. कागद पाहून त्यांनी डबा तसाच सोडला आणि तिच्या मागोमाग खाली उतरले.

"काका, पेशी जिवंत आहेत. वचन देत नाही, पण आशा चांगली आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग वेळ कशाला घालवताय?" काका म्हणाले. मुलगी रडता रडता हसायला लागली.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी धागेताई वॉर्डात गेली आणि काही न बोलता पलंगाजवळ उभी राहिली. काकांनी मान वळवली, तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"तुम्हीच ना त्या, मला गप्प बसवणाऱ्या? गालावर तीळ आहे तुमच्या." मग दाराबाहेर थांबलेल्या बायकोला त्यांनी हाक मारली, "अगं, ये ना आत! तुझे केस कधी पिकले ते तरी बघू दे."